मोटर सुरू करण्याआधी स्टार्टरचं झाकण उघडा

तुळशीचं लग्न आटोपलं की कुळागरांना, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांना, पाणी सोडायची लगबग सुरू होते. मोटर मात्र जूनपासून दमट पंपघरात पडून असते. थेट हिरवं बटण दाबू नका. मेन स्विच पाडा आणि आधी स्टार्टर उघडून बघा.

गेल्या वर्षी मी तो उघडला नाही. पोफळींना पाणी लावून घरी आलो, तासाभराने गेलो तर वार्निश जळल्याचा वास. स्टार्टरच्या एका पॉइंटवर, म्हणजे वीज जोडणाऱ्या संपर्कावर, मुंग्या चिरडून काळी राख साचली होती. पॉइंट तापत गेला आणि चालत्या मोटरची एक फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक, तुटली. तिन्ही फ्यूज शाबूत, वायंडिंग मात्र कोळसा.

असं का होतं ते समजून घ्या. ५ एचपीची थ्री फेज मोटर साधारण ७.५ अँपिअर घेते. एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजांवर करंट पावणेदोन पटीच्या आसपास, म्हणजे १३ अँपिअरवर जातो. सुरू होताना मोटर सहापट करंट ओढते, त्यामुळे फ्यूज किंवा एमसीबी मोठाच बसवावा लागतो. १३ अँपिअर त्याच्या खिजगणतीत नसतात. तो शॉर्ट सर्किटसाठी आहे. मोटर वाचवायची ती ओव्हरलोड रिलेने, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या स्टार्टरमधल्या भागाने, आणि माझ्या रिलेची मर्यादा ठरवणारी चकती १३ वर होती. उन्हाळ्यात कमी व्होल्टेजला सारखी ट्रिप होते म्हणून मीच ती फिरवली होती.

चकती मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणाऱ्या) रिले वायंडिंगच्या फेजमध्ये जोडलेला असेल तर त्या आकड्याच्या ५८ टक्के. तरीही ट्रिप होत असेल तर दोष रिलेचा नाही. मीटरपासून खालच्या झरीपर्यंत लांबलचक बारीक केबल ओढलेली असते, व्होल्टेज तिथेच पडतं.

सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र, घेताना दुकानात एकच विचारा: हा व्होल्टेज बघतो की करंट? व्होल्टेजवाला स्वस्त, पण त्याला फक्त लाइनवरून येणारी फेज कळते. पॉइंट जळला किंवा पुढे केबल तुटली तर त्याला पत्ता नसतो. माझ्याकडे तोच होता. करंटवालाच घ्या, आणि त्यात ड्राय रनची, म्हणजे पाण्याविना पंप फिरला तर तो बंद करण्याची, सोय असलेला. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली की पंप कोरडा फिरतो, करंट उलट कमी होतो, म्हणून ओव्हरलोड रिले गप्प बसतो आणि सील जळतं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी वायरमनकडून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून घ्या. १ मेगाओमच्या खाली आलं तर वायंडिंग सुकवल्याशिवाय चालवू नका. गडगडाट असेल तेव्हा मेन स्विच पाडलेलाच बरा.

माणसासाठी आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच, वेगळा लागतो, ३० मिलिअँपिअरचा. एमसीबी आहे म्हणून तो टाळू नका. ओल्या मातीत अनवाणी पाइप ओढणाऱ्याला एमसीबी वाचवत नाही. त्याच्या जोडीला अर्थिंग हवंच. आपली जांभ्याची जमीन मार्चनंतर खडखडीत वाळते, अर्थिंगचा खड्डाही वाळतो. पाणी लावायच्या दिवशी दोन बादल्या त्या खड्ड्यातही ओता.