कंपनीशी जमत नाहीये? राजीनामा टाकण्याआधी या चुका टाळा

"इथलं कल्चरच मला सूट होत नाही." नोकरी सोडताना हे वाक्य इतकं सोयीचं पडतं की त्याच्या पोटात नक्की काय आहे हे कुणी उघडून बघतच नाही, सोडणाराही नाही आणि एचआरवालेही नाहीत. जरा खोदून विचारलं की कळतं, एकाचं साहेबाशी पटत नव्हतं, दुसऱ्याला कामाचाच कंटाळा आला होता, तिसऱ्याला प्रमोशनमध्ये डावललं होतं, आणि कंपनीच्या एकूण विचारांशीच ज्याचं वाकडं आहे असा एखादाच निघतो. नाव मात्र सगळ्याला एकच, कल्चर. मग होतं काय, माणूस एकामागून एक कंपन्या बदलत जातो आणि तक्रार जिथल्या तिथे.

चूक पहिली: सगळं खापर 'कंपनी'वर

या विषयावर संशोधन भरपूर झालंय आणि त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे 'जमणं' ही एक वस्तू नाहीच. एमी क्रिस्टॉफ-ब्राउन या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली आधीच्या बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून तपासले, त्यात चार वेगवेगळी नाती धरली होती: माणूस आणि त्याचं काम, माणूस आणि संस्था, माणूस आणि टीम, माणूस आणि त्याचा वरिष्ठ. नोकरीतल्या समाधानाशी सगळ्यात घट्ट संबंध निघाला तो कामाशी जमण्याचा, ०.५६. संस्थेशी जमण्याचा ०.४४. पण संस्थेबद्दलची बांधिलकी बघितली तर तिथे संस्थेशी जमणं पुढे, ०.५१. आणि आता गंमत बघा, प्रत्यक्ष कामगिरीशी संस्था-जुळणीचा संबंध फक्त ०.०७, म्हणजे जवळपास नाहीच म्हणा ना. कामाशी जुळणीचा निदान ०.२० तरी आहे.

(ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी, शून्य म्हणजे काही संबंध नाही आणि १ म्हणजे अगदी हातात हात घालून.)

यातून मॅनेजर लोकांनी एक गोष्ट गाठीला बांधून ठेवावी. जो आपल्या कंपनीत छान रमलाय तो टिकेल, कंपनीबद्दल चांगलं बोलेल, पण म्हणून तो काम चांगलं करतोच असं नाही. आणि जो जरा फटकून राहतो, कार्यक्रमांना येत नाही, ग्रुपवर इमोजी टाकत नाही, तो कामात कच्चा असेल असंही नाही. अप्रेझलला बसलं की या दोन गोष्टींची सरमिसळ सर्रास होते.

एक उदाहरण घ्या. मीटिंग चाललीये, डिलिव्हरीची तारीख ठरतेय, आणि टेस्टिंगची एक मुलगी विचारते, "सर, यात रिग्रेशनला, म्हणजे नव्या बदलांनी जुनं काही बिघडलं नाही ना हे तपासायला, दोनच दिवस उरतात, ते कसं जमवायचं?" सगळे लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसतात. अळीमिळी गुपचिळी. मीटिंग संपल्यावर साहेब तिला बाजूला घेऊन सांगतात, "तू फार निगेटिव्ह बोलतेस, इथे आपल्याला कॅन-डू लोक लागतात." झालं, ती घरी येऊन रेझ्युमे उघडते, ही कंपनी माझ्यासारख्यांची नाहीच म्हणून. पण त्याच मजल्यावर शेजारच्या टीममध्ये नेमका हाच प्रश्न विचारला की तिथला लीड म्हणतो, बरं झालं बोललीस, आणि तारीख पुढे ढकलतो. कंपनी तीच, नियम तेच, पगारही त्याच स्केलचा. म्हणजे बिनसलंय ते साहेबाशी. तिला खरं तर इंटर्नल ट्रान्सफरचा फॉर्म भरायचा होता आणि ती नोटीस पिरियड किती आहे ते शोधत बसली.

हे ओळखायला फार काही लागत नाही. मनातल्या मनात एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. कंपनी हीच, काम हेच, साहेब दुसरा: राहीन का? साहेब हाच, काम दुसरं: राहीन का? टीम बदलली तर? या सगळ्यांना 'नाही' आलं तरच संस्थेपर्यंत जायचं. आणि हे रागात करू नका, एखादा बरा आठवडा गेल्यावर करा, उत्तर वेगळं येतं बऱ्याचदा.

आपल्यासारखा वाटला म्हणजे फिट, असं नसतं

ही चूक नोकरीवर घेणाऱ्यांची. इंटरव्ह्यू संपतो, पॅनेलवाले एकमेकांकडे बघतात, "पोरगा मस्त आहे, आपल्यात मिसळून जाईल." का रे बाबा, कशावरून? तर तोही ट्रेकिंग करतो, तोही तेच बघतो-वाचतो, गप्पा रंगल्या. अमेरिकेतल्या मोठ्या लॉ फर्म, इन्व्हेस्टमेंट बँका आणि कन्सल्टिंग कंपन्यांमध्ये भरती करणाऱ्यांच्या १२० मुलाखती घेऊन लॉरेन रिव्हेरा यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास मांडला, त्यात हेच दिसलं, छंद, फावल्या वेळातल्या आवडीनिवडी, बोलण्याची ढब यांच्यातलं साम्य भरतीत चांगलंच वजन खातं, कधीकधी तर कामाच्या कौशल्यापेक्षाही जास्त. आणि त्याला नाव दिलं जातं 'कल्चर फिट'. म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं.

याचा पुढचा परिणाम बेंजामिन श्नायडर यांनी १९८७ मध्येच मांडून ठेवलाय. संस्थेकडे तिच्यासारखेच लोक ओढले जातात, त्यातून ती आणखी आपल्यासारखे निवडते, आणि जे वेगळे चुकून आत येतात ते हळूहळू बाहेर पडतात. काही वर्षं हे चक्र फिरलं की सगळे एका माळेचे मणी. सुरुवातीला फार गोड वाटतं, भांडणं नाहीत, निर्णय झटपट होतात, एकमेकांचे जोक कळतात. मग बाहेरचं जग बदलतं आणि आत एकही माणूस असा उरलेला नसतो जो म्हणेल की अहो, आपण चुकीच्या दिशेने चाललोय.

शिवाय जुळणं दोन तऱ्हांचं असतं हे कुणी लक्षातच घेत नाही. एक, साम्यामुळे जुळणं. दुसरं, जे तुमच्याकडे नाही ते माझ्याकडे आहे म्हणून जुळणं. ज्या टीममध्ये सगळे आयडियावाले आहेत आणि काम वेळेत संपवणारा कुणीच नाही, तिथे सगळ्यात चांगला फिट म्हणजे जरा खडूस, चेकलिस्ट घेऊन मागे लागणारा माणूस. पण इंटरव्ह्यूत तो 'आपल्यातला' वाटणार नाही, आणि तिथेच कटणार.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. भरतीआधी लिहून काढा की आपल्याला नेमक्या कुठल्या दोन-तीन गोष्टींवर माणूस जुळायला हवाय, आणि त्या वागण्यातून दिसतील अशा लिहा. 'प्रामाणिकपणा' एवढंच नको, 'स्वतःची चूक कुणी पकडायच्या आधी स्वतःहून सांगितली असा प्रसंग' असं. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न. आणि मार्क आपापले आधी लिहायचे, चर्चा नंतर, नाहीतर पॅनेलवर जो सगळ्यात सिनियर असतो त्याचीच री बाकीचे ओढतात.

भिंतीवरचं पोस्टर वाचून जॉइन होणं

सचोटी, इनोव्हेशन, ग्राहक प्रथम, माणसं हीच आमची ताकद. कुठल्याही कंपनीची वेबसाइट उघडा, हेच. यावरून जमेल की नाही हे ठरवायचं म्हणजे दुरून डोंगर साजरे. चांगले शब्द सगळ्यांनाच हवे असतात, प्रश्न असा असतो की दोन चांगल्या गोष्टींची टक्कर झाली तर ही कंपनी कुठली सोडते. वेग की अचूकता? टीमचं एकमत की एकाचा धडाकेबाज निर्णय?

ओ'रायली, चॅटमन आणि काल्डवेल यांनी १९९१ मध्ये हेच मोजायची एक पद्धत काढली. मूल्यांची ५४ वाक्यं, आणि ती ९ गटांत लावायची, पण प्रत्येक गटात किती टाकायची ते ठरलेलं: सगळ्यात महत्त्वाच्या गटात फक्त २, मधल्या गटात १२, सगळ्यात खालच्यात परत २. म्हणजे सगळंच महत्त्वाचं आहे असं म्हणून सुटता येत नाही. माणसाच्या मूल्यांचा क्रम आणि कंपनीच्या मूल्यांचा क्रम जेवढा जुळला त्यावरून वर्षभरानंतरचं समाधान आणि दोन वर्षांनंतर कोण टिकलं याचा अंदाज त्यांना बांधता आला.

घरी याची छोटी आवृत्ती करा. दहा-बारा चिठ्ठ्या, स्थिरता, पैसा, मोकळीक, स्पष्ट नियम, शिकणं, ओळख, घरी वेळेवर जाणं, जे काय तुमचं असेल ते, आणि वर फक्त दोनच ठेवायच्या. घाम फुटतो, खरंच. मग इंटरव्ह्यूत त्या दोनांबद्दल विचारायचं, पण 'तुमच्याकडे मोकळीक आहे का' असं नाही, त्याला कोण नाही म्हणणार? असं विचारा, मागच्या सहा महिन्यांत टीममधल्या ज्युनियरने घेतलेला एखादा निर्णय सांगा. समोरचा पटकन सांगतो की आठवत बसतो, तिथेच कळतं.

दमलोय आणि जुळत नाही, यात गल्लत

सतत उशिरापर्यंत काम चालू असेल तर जगातली सर्वोत्तम कंपनीसुद्धा नकोशी वाटते. क्रिस्टिना मास्लॅक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटचा, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याचा, अभ्यास करताना सहा जागा दाखवल्या जिथे माणूस आणि नोकरी यांचं बिनसतं: कामाचा बोजा, आपल्या हातात असलेलं नियंत्रण, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय्य वागणूक, आणि मूल्यं. या यादीत मूल्यं सहापैकी एक आहेत हे लक्षात घ्या. बाकीच्या पाचांपैकी बऱ्याच गोष्टी बोलून, मागून, अदलाबदल करून सुधारतात, निदान प्रयत्न तरी करता येतो. मात्र मॅनेजरकडे जाताना "मला इथे बरं वाटत नाही" असं घेऊन जाऊ नका, त्यावर तो बिचारा करणार काय. "दोन प्रोजेक्टवर एकाच वेळी आहे, दोन्हीकडच्या डेडलाइन एकाच आठवड्यात येतात, एक काढा" असं घेऊन जा.

कामाचा आकार आपणच थोडा थोडा बदलत न्यायचा, याला जॉब क्राफ्टिंग म्हणतात, त्याचा हल्ली बराच बोलबाला आहे आणि ते उपयोगी पडतं पण. फक्त कंपनीच जेव्हा बोजा कमी करायचा सोडून जॉब क्राफ्टिंगचं वर्कशॉप ठेवते तेव्हा काय ते समजून जा.

प्रोबेशनमध्ये निकाल लावायची घाईही यातच येते. नवीन जागी पहिले काही आठवडे कुणालाच आपलं वाटत नाही, सिस्टिमचा पासवर्ड मिळेपर्यंत तर नाहीच नाही.

मूल्यांचीच फारकत असेल तर स्वतःला वळवत बसू नका

आता जो एखादा खरा केस निघतो त्याच्याबद्दल. ग्राहकाला अर्धसत्य सांगून विकायला लावतात, रिपोर्टमधला आकडा 'जरा नीट' करायला सांगतात, आणि हे एका साहेबापुरतं नाही, वरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे आणि चालतंय. इथे माणसं उलटी चूक करतात, स्वतःलाच समजावत राहतात, मीच जरा जास्त सेन्सिटिव्ह आहे, सगळीकडे असंच असतं, होईल सवय. एडवर्ड्स आणि केबल यांनी २००९ मध्ये तपासलं होतं की मूल्यं जुळल्याने माणसाला बरं का वाटतं, तर त्यात सगळ्यात मोठा वाटा विश्वासाचा निघाला. याची दुसरी बाजू अशा ऑफिसात रोज दिसते. मूल्यं जुळत नाहीत तिथे माणूस प्रत्येक मेल दोनदा वाचतो, कोण कशासाठी सीसीत आहे ते बघतो, तोंडी सांगितलेलं लेखी मागत राहतो. काम अर्धं आणि राखण अर्धी. तिथे ट्रान्सफर, क्राफ्टिंग, एचआरशी गप्पा यातलं काही लागू पडायचं नाही, शांतपणे दुसरी नोकरी बघायला घ्या, हातात ऑफर आल्याशिवाय मात्र कागद टाकू नका, आगीतून फुफाट्यात नको.

आणि एक्झिट इंटरव्ह्यूत काय लिहायचं? 'कल्चर सूट झालं नाही' सोडून काहीही. बोजा होता तर बोजा लिहा, साहेब होता तर सभ्य शब्दांत साहेब लिहा, ज्या रेफरन्सची पुढे गरज पडणार आहे तो सांभाळून. पुढच्या इंटरव्ह्यूत समोरच्याला एक प्रश्न जरूर विचारा, या जागेवर माझ्या आधी कोण होतं आणि ते का गेले? प्रमोशन झालं, टीम बदलली, शिकायला गेले, असं काही ठोस आलं तर ठीक. 'त्यांचं इथे जमलं नाही' एवढंच आलं तर लगेच विचारा, कशाशी?