अवघड प्लॅटफॉर्म गेम घ्यावा का? पैसे टाकण्याआधी असं तपासा

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारानंतर कोणी घराबाहेर पडत नाही. कूलर सुरू, पडदे ओढलेले आणि भाच्याच्या हातात कंट्रोलर. गेल्या उन्हाळ्यात त्यानं हट्टानं एक वेगवान, उड्या मारत पुढं जायचा, म्हणजे प्लॅटफॉर्म गेम घ्यायला लावला. चौथ्या दिवशी कंट्रोलर गादीवर आपटला आणि म्हणाला, "मामा, पाह्य ना, मी उडी मारलीच होती!" पैसे माझे गेले होते. यंदा मात्र आम्ही गेम ठोकून-बजावून घेतला. कसा, ते सांगतो.

आधी फुकटात चव बघा. 'सेलेस्ट' हा या प्रकारातला गाजलेला गेम २०१८ साली आला. त्याचं २०१५ मधलं छोटं मूळ रूप ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतं. तासभर खेळा. दहा-वीसदा मेल्यावर चिडचिड होते की "अजून एकदा" असं वाटतं, ते तिथंच कळतं. चिडचिडच होत असेल तर या प्रकाराच्या नादी लागू नका, दुसरे गेम पुष्कळ आहेत.

मग मेल्यानंतरचा वेळ मोजा. ट्रेलर नको, कोणी सलग खेळतानाचा व्हिडिओ लावा. खेळाडू मेला की तोंडानं "एक, दोन" म्हणा. दोन म्हणेपर्यंत तो परत पळायला लागला पाहिजे. २०१० च्या 'सुपर मीट बॉय'मध्ये लेव्हल इवलीशी आणि मेलात की लगेच पुन्हा सुरुवात. पार केल्यावर तर तुमचे सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसतात. शंभरदा मरायचंच असेल तर दर वेळी पाच सेकंद थांबणं म्हणजे आठ मिनिटं नुसती बसून काढणं.

आता उडी. खरी परीक्षा इथं आहे. चांगल्या गेममध्ये कडेवरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते आणि जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेलं बटणही धरलं जातं. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांचं. अशा चार-पाच चित्रांची सूट मिळाली की चूक आपली वाटते, गेमची नाही. मुद्दाम कडेपर्यंत पळा, जरा उशिरा बटण दाबा. प्रत्येक वेळी खड्ड्यात गेलात तर गेम कंजूष आहे.

पण गेमला दोष देण्याआधी स्वतःचं यंत्र तपासा. टीव्हीवर खेळत असाल तर त्यातला गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा दिसते. लॅपटॉप असेल तर आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा, भर दुपारी चालवून बघा. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. रात्री मात्र तोच मख्खनसारखा चालतो. कूलरच्या दमट हवेत अंगठा घसरतो, शेजारी रुमाल ठेवा. (भाच्याची निम्मी भांडणं रुमालानं मिटली.)

घ्यायचाच ठरला तर शक्यतो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घ्या. खरेदीनंतर १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळून मागितले तर सहसा पैसे परत मिळतात. तर्री-पोहा खायला उठताना गेम बंद करा. नुसता उघडा ठेवला तरी वेळ मोजला जातो. त्या दोन तासांत वरची उडीची परीक्षा घ्या, सेटिंगही बघून घ्या. 'सेलेस्ट'मध्ये वेग निम्म्यावर आणता येतो, मरणंही बंद करता येतं. घरात लहान-मोठे सगळे खेळणार असतील तर ही सोय असलेलाच घ्या.

यंदा भाच्यानं एक गेम एक तास चाळीस मिनिटांवर परत केला. दुसरा ठेवला. त्यातल्या एका लेव्हलवर तो दोन दिवसांपासून अडकलाय, आणि ताट वाढून ठेवलं तरी जेवायला उठत नाही.