एफआयटीसी अँटी-कॉन ए: कंट्रोल स्लाइडही हिरवी दिसत असेल तर

कलिन्यातल्या आमच्या लॅबमध्ये जॅक बीन या शेंगेच्या बियांच्या सेक्शनवर (पातळ कापावर) कॉन ए, म्हणजे साखर पकडणारं प्रथिन, शोधत होतो. त्याला ओळखणारी अँटीबॉडी सशाची, पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण), एफआयटीसी हा हिरवा चमकणारा रंग लावलेली. पण साध्या, लस न टोचलेल्या सशाचं एफआयटीसी-आयजीजी (आयजीजी हा अँटीबॉडीचा नेहमीचा प्रकार) कंट्रोल म्हणून घातलं तरी सेक्शन तितकाच हिरवा! काहीच न घातलेली स्लाइड मात्र काळी, म्हणजे ऑटोफ्लुरोसन्स (बीची स्वतःची चमक) नव्हे. अँटीबॉडी पातळ केली, जास्त धुतलं, सीरमने ब्लॉक केलं (नको तिथे चिकटणं अडवायला). फरक शून्य. अक्षरशः वैताग आला.

कारण साखरेत होतं. आयजीजीच्या एफसी भागावर (शेपटीवर) मॅनोज ही साखर असलेली साखळी असते आणि कॉन ए नेमकं तेच पकडतं, म्हणून कुठलंही आयजीजी चिकटतं. सीरममध्येही ग्लायकोप्रोटीन (साखर लागलेली प्रथिनं) असतातच. उपाय म्हणजे कॉन ए ची पकड मोकळ्या साखरेने आधीच भरून टाकायची.

आधी १०० मिली पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर, पीएच ७.४) ३.८८ ग्रॅम मिथाइल-अल्फा-डी-मॅनोपायरॅनोसाइड (मॅनोजसारखी साखर) विरघळवा, हे ०.२ मोलर झालं. त्यातल्या थोड्या भागात १ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घालून सेक्शन ३० मिनिटं ब्लॉक करा. अँटीबॉडी ४ अंशांवर, सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी ला १० मिनिटं फिरवा, गाळ सोडून वरचं घ्या. ते त्याच ब्लॉकिंग द्रावणात १:२०० पातळ करून सेक्शनवर अंधारात तासभर ठेवा. शेवटी साखरेच्याच पीबीएसने तीनदा, पाच-पाच मिनिटं धुवा. मध्ये कुठेही साधं, बिनसाखरेचं पीबीएस नको.

आता कंट्रोल काळा आहे आणि बीजपत्रातल्या प्रोटीन बॉडीज गोल, स्वच्छ दिसतात. गव्हाच्या डब्ल्यूजीएसाठी (तसंच साखर पकडणारं गव्हाच्या अंकुरातलं प्रथिन) हीच साखर चालणार नाही. तिथे एन-असेटिलग्लुकोसामाइन वापरा.