ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये गाडी नेताना या चुका टाळा

मशीनमध्ये गाडी धुतली की रंगावर चरे पडतात, ही तक्रार खरी आहे. गाडीवर बसलेली धूळ ब्रशच्या दाबाखाली घासली जाते आणि ते चरे पडतात. नागपूरच्या धुळीला कमी लेखून चालत नाही. कोराडी-खापरखेड्याकडच्या गाड्यांवर औष्णिक वीज केंद्रांची राख बसते, शहरात सिमेंट रस्त्यांची धूळ आणि बांधकामांची रेती. या सगळ्यात सिलिका असते आणि सिलिकाचा कण गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असतो. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. तो एकदा झिजला की परत येत नाही. म्हणून ब्रश लागण्याआधी गाडीवरची धूळ उतरली आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

कोरडी, धुळीने भरलेली गाडी थेट ब्रशखाली नेणे

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं. चांगल्या सेंटरवर आधी प्रेशर गनने गाडी धुतात, मग फोम मारतात, मग मशीन चालवतात. गर्दीच्या रविवारी नेमकी पहिली पायरी गाळली जाते. तुम्ही स्पष्ट सांगा: छतापासून खाली, किमान २ ते ३ मिनिटं नुसतं पाणी. गनचं तोंड रंगापासून ३० सेंटीमीटर तरी लांब हवं. जवळून मारलं तर उखडायला आलेल्या रंगाचा टवका निघतो आणि स्टिकरही उचलला जातो. चाकांच्या कमानी, दाराखालची पट्टी आणि डिक्कीची मागची बाजू इथे माती सर्वाधिक असते, तिथे जास्त वेळ द्यायला लावा. फोम ४-५ मिनिटं राहू द्यावा, पण वाळू देऊ नये.

पावसाळ्यात काळी माती वाळून बसलेली असेल तर एका फवाऱ्याने ती निघत नाही. भिजवा, ५ मिनिटं थांबा, पुन्हा मारा. समृद्धी महामार्गावरून आलेल्या गाडीच्या बंपरवर आणि बोनेटवर चिकटलेल्या किड्यांचंही तसंच. त्यांच्यावर ओलं फडकं १० मिनिटं ठेवलं की ते सुटतात. ब्रशने खरवडू नयेत.

ब्रश न बघता रांगेत लागणे

ब्रशचे तीन प्रकार दिसतात: नायलॉनच्या केसांचा, कापडी पट्ट्यांचा आणि मऊ फोमचा. नायलॉनचा असेल तर गाडी आत नेऊ नका, मग दर कितीही कमी असो. फोमचा ब्रश तुलनेने सुरक्षित, कारण त्यात माती अडकून राहत नाही. कापडी पट्ट्या मऊ असल्या तरी माती धरतात. मशीन थांबलेली असताना पट्ट्यांच्या बुडाशी बघा, तिथे चिखल दिसला तर माघारी फिरा. ब्रश फिरायला लागण्याआधीच त्यावर पाणी येतं का, तेही पाहा. तुमच्या आधी शेतातून आलेली चिखलाने माखलेली गाडी आत गेली असेल, तर ब्रश स्वच्छ करून घ्यायला सांगायला लाजू नका.

ब्रशविना, नुसत्या दाबाच्या पाण्यावर चालणारी टचलेस मशीन रंगाला लागत नाही, पण त्यात तीव्र अल्कधर्मी रसायन वापरलं जातं. वॅक्स लवकर उतरतं आणि धुळीचा पातळ थर तरीही उरतो. तो थर मग कुणीतरी फडक्याने पुसतो, आणि इथे पुढची चूक होते.

सेंटरच्या फडक्याने गाडी पुसू देणे

मशीन कितीही उत्तम असली तरी शेवटी पुसायचं काम हातानेच होतं. तेच फडकं आधीच्या गाडीच्या रिमवरून, दाराच्या फटीतून फिरून आलेलं असतं. कधी जमिनीवर पडून, झटकून पुन्हा हातात घेतलेलं असतं. ब्रशने टाळलेले चरे इथे पडतात. स्वतःची दोन मायक्रोफायबर फडकी गाडीत ठेवा, ३०० ते ४०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे कापडाचं दर चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन), दोन वेगळ्या रंगांची: एक छत-बोनेट-काचांसाठी, दुसरं दाराच्या खालच्या अर्ध्या भागासाठी. दाबून गोल गोल घासायचं नाही. फडकं पसरून हलकेच ओढायचं. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी पुन्हा वापरायचं नाही. फडकी घरी धुताना सॉफ्टनर टाकू नका, त्याने पाणी शोषणं कमी होतं.

नुकसान कुठून आलं ते ओळखताही येतं. सावलीत मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरा. एका दिशेने जाणाऱ्या समांतर सरळ रेषा बहुधा मशीनच्या ब्रशच्या, गोलाकार चरे हाताच्या फडक्याचे. चऱ्यावरून नख फिरवलं आणि ते अडकलं नाही तर पॉलिशने जाईल. नख अडकलं तर चरा खोल आहे, तिथे पॉलिश करून उपयोग नाही. आणि प्रत्येक पॉलिश क्लिअर कोटचाच थोडा भाग काढते, त्यामुळे दरवर्षी पॉलिश मारून घेणं हा उपाय नव्हे.

तापलेल्या गाडीवर पाणी

नवतप्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. त्यावर फोम काही क्षणांत वाळतो आणि बोअरच्या पाण्यातले क्षार तिथेच बसतात. कूलरच्या ताट्यांवर उन्हाळाभर चढणारा पांढरा थर हाच. बोनेटवर हात ५ सेकंद टेकवता आला तरच धुवायला द्या. मे महिन्यात सकाळी ९ च्या आत जाणं उत्तम. लांबून आला असाल तर १५-२० मिनिटं सावलीत थांबा, तापलेल्या ब्रेक डिस्कवर एकदम गार पाणी पडू नये.

पांढरे डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी समप्रमाणात घ्या, सावलीत थंड पत्र्यावर फडक्याने १ मिनिट ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. एवढं करूनही डाग राहिला तर क्षाराने क्लिअर कोट खाल्ला आहे, ते पॉलिशवाल्याचं काम.

गिअर आणि ब्रेकचा गोंधळ

पट्ट्याने गाडी ओढून नेणाऱ्या मशीनमध्ये न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पाय ब्रेकवरून काढलेला. जिथे गाडी उभी असते आणि ब्रशची कमान पुढे-मागे फिरते, तिथे बरोबर उलट: पार्किंग किंवा गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. ऑटो होल्ड (गाडी थांबली की ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय), पावसाने आपोआप चालणारे वायपर आणि आपत्कालीन ब्रेक यंत्रणा आधीच बंद करा. बऱ्याच ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्या बंद केल्या की स्वतःहून पार्किंगमध्ये जातात. ओढणाऱ्या पट्ट्यावर हे धोक्याचं आहे. त्यासाठी कार वॉश मोड असतो, तो मॅन्युअलमध्ये शोधा. इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंगचं झाकण पक्कं लावा.

आरसे मिटा, अँटेना काढा. दुतर्फा टेपने चिकटवलेले डोअर वायझर, बाजारातून बसवलेली क्रोम पट्टी, ढिली नंबर प्लेट, हॅचबॅकचा मागचा वायपर: ब्रश यांनाच पकडतो. गाडी आत जाण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

मॅट रंगाची गाडी ब्रशखाली कधीच नेऊ नका. एखाद्या पॅनेलचं नुकतंच पेंटिंग झालं असेल तर गाडी महिनाभर मशीनमध्ये नेऊ नका. पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) किंवा सिरॅमिक कोटिंग केल्यावर आठवडाभर तरी मशीन नको. इंजिनावर प्रेशर गन मारायला आणि गाडीखाली डिझेल फवारायला स्पष्ट नकार द्या. डिझेलने सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून खराब होतात.

धुतल्यानंतर काही बिघडलं तर

पार्किंग सेन्सर सतत वाजत असतील तर त्यांच्यावर पाणी साचलंय, पुसलं की थांबतात. वायपर काचेवर थरथरत असेल तर धुण्यातल्या वॅक्सचा थर काचेवर आला आहे. काच आणि वायपरचं रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हेडलाइटच्या आत धुकं दिसलं तर अर्धा तास दिवे लावून पाहा. धुकं गेलं तर काळजी नाही, तळाशी पाणी साचलेलं दिसलं तर सील गेलं आहे. पायाखालचं कार्पेट ओलं लागलं तर त्याच दिवशी मॅट काढून वाळवा, नाहीतर आठवड्यात कुबट वास धरतो.

इंजिन अडखळत असेल आणि इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर इग्निशन कॉइलमध्ये (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) पाणी शिरलं असण्याची शक्यता मोठी. तशीच गाडी रेटली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. थांबा आणि मेकॅनिक बोलवा.

सेंटरमधून निघाल्यावर पहिल्या काही शे मीटरमध्ये ४-५ वेळा हलका ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरडी होते. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर आली तर तो डिस्कवरचा वरवरचा गंज, लगेच घासला जातो. मागे ड्रम ब्रेक असलेली गाडी ओल्या अवस्थेत हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. सपाट जागी पहिला गिअर टाकून चाकाला दगड लावा.