ऐनवेळी कार्यक्रमाचं तिकीट रद्द करताय?

आधी एवढंच पाहा: आयोजकाने कार्यक्रमच रद्द केला, की तुम्हाला जाता येत नाही? आयोजकाने केला असेल तर पैसे मागणं हा तुमचा हक्क आहे. बुकिंग शुल्क मात्र बरेचदा कापलं जातं. तुम्हालाच जमत नसेल, तर सगळं तिकिटाच्या अटींवर. ऑनलाइन खरेदी ठरावीक दिवसांत परत करता येते, हा नियम इथे लावू नका. युरोपीय संघातली १४ दिवसांची मुभासुद्धा ठरल्या तारखेच्या मनोरंजन कार्यक्रमाला लागू नाही. आयोजकाची बाजूही समजण्यासारखी आहे, रिकामी खुर्ची दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.

तरी गप्प बसू नका. ‘येऊ शकत नाही, तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येईल का?’ असा ईमेल लगेच टाका. परताव्यापेक्षा याला होकार लवकर मिळतो. फोनवर बोललात तरी लेखी घ्याच. आणि कार्यक्रम पुढे ढकलला गेला, तर परतावा मागायची मुदत नव्या तारखेच्या सूचनेतच बरेचदा खाली बारीक अक्षरात दडलेली असते. ती उलटली की नवी तारीख तुम्हाला मान्य आहे, असं धरलं जाऊ शकतं.