डोमकळी दिसली, आता वाक्य लिहा

'चाहूल लागणे' वाक्यात वापरायला सांगितले, की अभ्यासिकेतल्या बऱ्याच वह्यांत एकच वाक्य सापडते : 'रामला संकटाची चाहूल लागली.' व्याकरणाने ते शुद्ध आहे. पण संकटाच्या जागी आनंद घाला, मृत्यू घाला, पाहुणे घाला. वाक्य तसेच चालते. म्हणजे लिहिणाऱ्याला चाहुलीचा अर्थ कळला आहे की नाही, हे तपासणाऱ्याला समजायला काही मार्गच नाही. जळगावात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना आणि आता चोपडा-यावलकडच्या नव्या मुलामुलींच्या वह्या पाहताना माझे एक मत पक्के होत गेले. पुढे घडणाऱ्याची सूचना देणारा शब्द वापरायचा, तर वाक्यात दोन गोष्टी हव्यातच : आधी दिसलेली खूण आणि तिच्यामागून येणारी घटना.

खुणांची आपल्याकडे काय कमी! कपाशीत न उमललेली, पाकळ्या आवळून बसलेली डोमकळी दिसली, की शेतकरी समजतो, गुलाबी बोंडअळी आत शिरली आहे. मादीच्या वासाने या अळीचे नर पतंग (उडणारे किडे) ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली. केळीच्या पोंग्यातून, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानातून, शेवटचे आखूड, अरुंद पान निघाले, की घड निसवणार, बाहेर पडणार. हे सगळे घरात रोज बोलले जाते, आणि वही उघडली की मुले ते विसरून 'राम' आणि 'संकट' लिहितात. घरी अहिराणी बोलणाऱ्यांना तर वाटते, आपल्या घरचे, शेतातले परीक्षेत चालणार नाही. चालते. भाषा प्रमाण ठेवा, माहिती मात्र आपल्या बांधावरची घ्या. 'पहिल्या फुलोऱ्यातच डोमकळ्या दिसल्या आणि काकांना बोंडअळीची चाहूल लागली.' हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या वहीत सापडणार नाही.

आता शब्द नीट निवडण्याबद्दल. चाहूल म्हणजे मुळात पावलांचा बारीक आवाज. म्हणून ती लागते, कुणी ती घेते. 'चाहूल दिसली' लिहिले की कानाला खटकते. आणि ज्याची चाहूल लागते ते जवळ आलेले असते. ऑक्टोबर सरताना पहाटे गारवा जाणवला, तर थंडीची चाहूल. पाच वर्षांनंतरच्या निवडणुकीची चाहूल आज लागत नाही.

'नांदी' वेगळी. नाटकाच्या आरंभीचे मंगलगान ते नांदी, म्हणजे ती पुढच्या खेळाचाच पहिला भाग. म्हणून 'नांदी ठरणे' बहुधा मागे वळून पाहताना शोभते. १९३६ साली काँग्रेसचे अधिवेशन आपल्या फैजपूरला भरले; खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्या दिवशी मांडवात बसलेल्या कुणाला 'ही नांदी आहे' असे ठामपणे म्हणता आले नसते. १९३८ ला गुजरातेत हरिपुऱ्याला, पुन्हा खेड्यातच, अधिवेशन झाले, तेव्हा लिहिता येते : 'फैजपूरचे अधिवेशन खेड्यांतल्या अधिवेशनांची नांदी ठरले.' निबंधात असे एक वाक्य आले, तर शब्द आणि इतिहास दोन्ही एकदम दिसतात. मला स्वतःला हा शब्द फार आवडतो, आणि म्हणूनच तो कुठल्याही किरकोळ गोष्टीला चिकटवलेला पाहिला की वाईट वाटते.

'सूतोवाच' माणसानेच करायचे असते. पुराणांत 'सूत उवाच', म्हणजे 'कथा सांगणारे सूत म्हणाले', म्हणून कथा सुरू होते, तिथून हा शब्द आला. सरपंचांनी ग्रामसभेत पाणीपट्टी वाढवण्याचे सूतोवाच केले, हे बरोबर. ढगांनी पावसाचे सूतोवाच केले, हे कवितेत एखाद्या वेळी शोभेल, परीक्षेत टाळा.

'पूर्वसूचना' कामकाजातली. हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडायचे असले, की तापीकाठच्या गावांना मिळते ती पूर्वसूचना. तिला देणारा असतो, घेणारा असतो.

'भाकीत' आणि 'अंदाज' यांत मुले सर्वांत जास्त अडखळतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याच्या घागरीखाली पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या नावाची चार ढेकळे ठेवतात. ज्याचे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त, असे मानतात. हे भाकीत. हवामान विभाग एप्रिलमध्ये मोसमी पावसाबद्दल आकडे मांडून सांगतो तो अंदाज. दोन्ही वर्तवले जातात, म्हणून क्रियापद एकच चालते. पण सांगण्यामागचा आधार वेगळा असतो, आणि तो वाक्यात दिसला पाहिजे.

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. मराठीचा पेपर त्यात ३०० गुणांचा, पात्र होण्यापुरता आहे, म्हणून अनेक जण तो शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. पण निबंधाच्या वेगळ्या पेपरचे २५० गुण थेट गुणवत्तेत धरले जातात आणि तिथे हीच वाक्ये लागतात. पोलीस भरतीला बसणाऱ्यांना पर्यायांतून अर्थ ओळखायचा असतो. तिथेही चाहूल आणि नांदी यांतला फरक ज्याने स्वतः लिहून पाहिला आहे, त्याचा पर्याय चुकत नाही.

सराव असा करा. वहीच्या पानाचे उभे दोन भाग पाडा. डावीकडे आठवडाभरात घरी, शेतात, बाजार समितीत, बातमीत दिसलेल्या खुणा लिहा, उजवीकडे त्यानंतर खरेच काय घडले ते. उजवी बाजू रिकामी राहिली तर राहू द्या, ती पुढच्या आठवड्यात भरेल. दोन्ही भरले, की मगच शब्द शोधा, आणि वाक्य मैत्रिणीला किंवा मित्राला वाचून दाखवताना नेमका तो शब्द गाळा. समोरच्याने तोच शब्द भरला, तर वाक्य पक्के झाले.