पाठीवरचा इंजिन फवारणी पंप वापरताना या चुका टाळा

मुंबईत हा पंप शेतापेक्षा सोसायटीच्या बागेत, नर्सरीत आणि कीटकनाशकांच्या कामात जास्त दिसतो. २० लिटरची टाकी भरली की इंजिनासकट वजन ३० किलोच्या आसपास जातं. पाठीवर विष, पेट्रोल आणि तापलेला सायलेन्सर, आणि दहा पावलांवर कुणाची तरी खिडकी. प्रत्यक्ष फवारणीइतकंच पेट्रोल भरताना, दोरी ओढताना आणि तुंबलेलं नोझल उघडताना सांभाळावं लागतं, आणि नेमकी तिथेच घाई होते.

पेट्रोल आणि ऑइल

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचं) ऑइल मिसळावंच लागतं. पंपाच्या पुस्तिकेत १:२५ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, १:५० असेल तर २० मिली. ‘थोडं अंदाजानं’ टाकलं आणि ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. जास्त झालं तर धूर होतो आणि ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काळा पडतो. ऑइल थेट पेट्रोलच्या टाकीत ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये मिसळून हलवा आणि मगच भरा. फोर-स्ट्रोक इंजिनात मिश्रण चालत नाही. त्याचं ऑइल वेगळ्या जागी भरतात, त्याची पातळी रोज बघा.

चालू किंवा गरम इंजिनात पेट्रोल भरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. इंजिन बंद करा, पंप खाली ठेवा, दहा मिनिटं थांबा. सांडलेलं पुसा आणि पंप दोन-तीन मीटर बाजूला नेऊन मगच सुरू करा. दोरी ओढतानाही पंप जमिनीवरच हवा, पाठीवर घेऊन ओढू नका.

बेसमेंट किंवा बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन अजिबात चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे माणूस कोसळेपर्यंत कळत नाही. तिथे बॅटरीचा किंवा हाताचा पंप घ्या.

मात्रा तिप्पट करण्याची चूक

‘पॉवर पंपाला (म्हणजे इंजिनाच्या पंपाला) औषध हातपंपाच्या तिप्पट’ हे सगळीकडे ऐकू येतं. ते हवेच्या झोतानं बारीक तुषार फेकणाऱ्या ब्लोअरपुरतं आहे, कारण त्याला तेवढ्याच जागेला पाणी खूप कमी लागतं. नळी, ट्रिगर आणि प्लंजर (दाब देणारा दट्ट्या) असलेल्या पंपात तीच मात्रा घातली तर पानं जळतात आणि फवारणारा जास्त विष झेलतो. साधं पाणी भरून एक मिनिट बादलीत फवारा आणि मोजा. मिनिटाला किती लिटर जातं ते कळल्याशिवाय लेबलवरच्या मात्रेचा हिशेब जमत नाही.

वारा आणि अंगावरचे कपडे

दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि फवारा शेजारच्या इमारतीवर जातो. त्यामुळे सकाळीच काम उरका, आधी रहिवाशांना कळवा, खिडक्या बंद करून घ्या. वाऱ्याच्या आडव्या दिशेनं चाला, फवारलेल्या पट्ट्यातून परत येऊ नका.

रुमालानं किंवा साध्या मास्कनं वाफ अडत नाही. सेंद्रिय रसायनांची वाफ अडवणारं काडतूस (फिल्टरची डबी) असलेला मास्क घ्या. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या, गमबूट, चष्मा आणि कानाला संरक्षणही हवं. टाकीच्या झाकणाचं वॉशर झिजलं असेल तर वाकताना औषध पाठीवर उतरतं आणि घामेजल्या त्वचेतून शरीरात जातं. हे वॉशर फार स्वस्त मिळतं, बदलायला कंटाळू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, हे विसरण्यासारखं नाही.

पंप नीट चालत नसेल तर

नोझल तुंबलं तर आधी इंजिन बंद करा, मग ट्रिगर दाबून नळीतलं प्रेशर सोडा. फुंकर मारू नका, तार घालू नका. तारेनं भोक मोठं होतं. जुन्या टूथब्रशनं साफ करा.

प्रेशर कमी वाटलं तर सक्शनची जाळी, मग नळीचे जोड, शेवटी पंपाचे वॉशर तपासा. औषधाची टाकी रिकामी असताना पंप चालवला की हेच वॉशर जळतात.

इंजिन सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडत असेल तर पेट्रोलच्या झाकणातलं हवेचं छिद्र बघा. गरम इंजिनाला चोक देऊन (हवेची झडप बंद करून) दोरी ओढत राहिलात तर प्लग भिजतो. तो काढून वाळवा, स्विच बंद ठेवून चोक उघडा, चार-पाच वेळा दोरी ओढा आणि प्लग परत बसवा.

पंप पडून राहणार असेल तर पेट्रोल काढून टाका आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोलमधलं इथेनॉल पावसाळ्यातली ओल शोषतं आणि कार्ब्युरेटर खराब होतो.

काम संपल्यावर औषधाची टाकी तीनदा धुवा. ते पाणी गटारात नाही, फवारलेल्या जागेवरच फवारा.

डोकं दुखणं, खूप घाम, लाळ, अंधुक दिसणं यापैकी काही जाणवलं तर लगेच काम थांबवा, कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. औषधाच्या बाटलीवरचं लेबल सोबत न्या. उतारा काय द्यायचा ते त्यावर छापलेलं असतं.